ते वचन कुठल्या पानावर

वस्तीत तिला सगळे वचनबाई म्हणायचे. तोंडावरही तेच आणि पाठीमागेही तेच. पाठीमागे म्हणताना जरा हसायचे, एवढाच फरक. कुणाची नोकरी गेली, कुणाचं पोर परीक्षेत आपटलं, कुणाचं छप्पर गळायला लागलं, की वचनबाईकडे शास्त्रातलं एक वचन तयार. मागायचीही गरज नाही. नळावर बादली भरता भरता ती ऐकवायची आणि ऐकणाऱ्याला आमेन म्हटल्याशिवाय बादली उचलता यायची नाही. शेजारीण म्हणायची, हिला शिंक आली तरी आधी वचन येतं, मग शिंक.

आता खरी गोष्ट ऐका. या बाईला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा नाही. हजेरीच्या वहीत अंगठा. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात शाळा राहिली, मग लग्न झालं, आणि झालं ते वेल्डरशी. वेल्डर मोठा भाविक माणूस. लग्नाच्या दुसऱ्याच संध्याकाळी त्यानं खुर्ची ओढली, काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र मांडीवर घेतलं आणि एक अध्याय मोठ्यानं वाचला. ती समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत ऐकत राहिली. तेव्हापासून तीस वर्षं, रोज दिवेलागणीला एक अध्याय. ताप असो, पाहुणे असोत, भांडण झालेलं असो. बाईचं डोकं असं की एकदा आत गेलेलं बाहेर पडायचं नाव नाही. त्यामुळे पुस्तकच्या पुस्तक तिच्या डोक्यात जाऊन बसलं, पण बसलं ते वेल्डरच्या आवाजात. देव तिच्याशी बोलायचा तेव्हा वेल्डरसारखा बोलायचा आणि मध्येच खोकायचाही.

त्या घरात एक नियम होता. शास्त्रातलं वचन कुणी म्हणत असेल तर ते संपेपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नाही. लेक तीन वर्षांची असल्यापासून हे शिकली होती. रडत असली तरी वचन सुरू झालं की हुंदका दाबून थांबायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वचनबाई हे कौतुकानं सांगायची.

चर्चची मंडळी लहान, चाळीसेक माणसांची. पाळकसाहेबांच्या गळ्यात अशा चार मंडळ्या होत्या, त्यामुळे ते महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्र वाचायचं काम वेल्डरचं. तो मंडळीनं नेमलेला पुढारी. उपासनेत पुढे उभं राहायचा मान त्याचा. साठीला आला तरी चष्मा नाही, याचं लोकांना कोण कौतुक! देवानं नजर राखली, म्हणायचे. उतारे तेच ते वाचतो, अशी कुरकूर एखाददुसरा करायचा, पण वाचतो मात्र खणखणीत, हे सगळ्यांना मान्य होतं. तेव्हा वचनबाईची मान ताठ व्हायची. नवऱ्याचा मान तोच तिचा मान, दुसरं होतं काय तिच्याकडे?

दुसरं म्हणजे काम होतं. सरकारी इस्पितळाच्या धुलाईत ती बावीस वर्षं होती. पहाटे पाचला पाळी लागायची, दुपारी एकला सुटायची. चादरींच्या गाठोड्यांचा डोंगर यायचा, तो लांब मेजावर उलगडून वेगळा करायचा. चादरींच्या कडेला रंगीत धागा असे: लाल शस्त्रक्रियेच्या खोलीचा, पिवळा लहान मुलांचा, हिरवा बाळंतिणींचा. अक्षराची गरज नव्हती. रक्ताची चादर आधी गार पाण्यात टाकायची, ऊन पाण्यात टाकली की डाग जन्माचा बसतो. नव्या येणाऱ्या बायकांना हे ती पहिल्याच दिवशी शिकवायची, आणि शिकवता शिकवता एक वचनही ऐकवायची.

लेक एकुलती एक. मंडळीतल्याच एका ट्रकवाल्याला दिलेली. जावई दिसायला देखणा, गळा गोड, उपासनेत गायला लागला की बायका डोळे पुसायच्या. घरी त्याचा हात चालतो हे वचनबाईला पहिल्या वर्षीच कळलं होतं. लेकीनं एकदा फोनवर सांगितलं, आई, मला इथं राहणं कठीण झालंय. तो सोमवार होता. वचनबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. वेल्डर बराच वेळ हनुवटी खाजवत बसला. मंगळवारी संध्याकाळी त्यानं शास्त्र उघडलं, आणि त्या दिवशीच्या अध्यायात हे वचन आलं:

"जी स्त्री आपल्या पतीचे घर सोडून येते तिला तिच्या आईबापाने दारात घेऊ नये, कारण तिचे दार परमेश्वराने नेमून दिले आहे."

वचनबाईच्या अंगावर काटा आला. काल फोन, आज वचन! देव आपल्या घरात इतकं लक्ष घालतो याचा तिला आनंद झाला. हो, आनंदच झाला, खोटं कशाला बोला.

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी लेक दारात उभी राहिली. वचनबाई नुकतीच कामावरून येऊन हात धूत होती. लेकीच्या हातात कापडी पिशवी, ओठ फुटलेला, हनुवटीखाली निळं. तिला तिसरा महिना होता. आत वेल्डर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता, कारण त्याचा खोकला थांबला होता. वचनबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि तिनं ते वचन म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, न अडखळता. लेक ऐकत राहिली. वचन संपेपर्यंत बोलली नाही. संपल्यावर तिनं आत खाटेकडे एकदा पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वळून बसथांब्याच्या दिशेनं गेली. त्या रात्री वचनबाईला गाढ झोप लागली. आज्ञा पाळली होती ना!

अकरा आठवड्यांनी, एका गुरुवारी, हिरव्या धाग्याच्या चादरी जरा जास्त आल्या. दोन तर अशा की गार पाण्याच्या टाकीत तीनदा बुडवाव्या लागल्या. वचनबाईनं बाह्या वर करून त्या चोळल्या, पिळल्या, पुढच्या यंत्रात टाकल्या. एक वाजता सुटताना मुकादमबाईनं तिला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तुझी लेक वरच आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात, काल संध्याकाळपासून. जिन्यावरून पडली म्हणतात. मूल गेलं.

पडली म्हणतात! पडणाऱ्याच्या दंडावर पाच बोटं उमटत नाहीत, आणि ती मुकादमबाईनं स्वतः पाहिली होती. वचनबाई चार जिने चढून वर गेली, तर नर्सनं दारातच अडवलं. पेशंटला कुणाला भेटायचं नाही. आई आहे मी, असं म्हणाली, तर नर्स म्हणाली, तिनं आईचंच नाव घेऊन सांगितलंय. पुढे लेकीचा मोडलेला डावा पाय नीट जुळला नाही. इस्पितळातून ती परस्पर दुसऱ्या गावी गेली, औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात लागली. जावयाला दोन दिवस आत ठेवून सोडलं. तो मंडळी बदलून दुसरीकडे गायला लागला. तिथल्याही बायका डोळे पुसत असतील.

यानंतर बाईनं काय करावं? वेडी व्हायची, पण झाली नाही, कारण हाताशी ते वचन होतं. हुकूम त्याचा, मी फक्त बजावला. चादरी चोळताना ती हेच घोकायची. मी कोण विचारणारी? पुस्तकात आहे ते आहे. त्या एका ओळीला धरून तिनं वर्ष काढलं, म्हातारं माणूस जिन्याच्या कठड्याला धरतं तसं.

आणि मग तो रविवार आला. पाळकसाहेब नव्हते. वेल्डर मेजामागे उभा राहिला, शास्त्र उघडून दोन्ही हातांत धरलं आणि एक लांबलचक स्तोत्र वाचलं, काना-मात्रा न चुकता. पहिल्या बाकावर शिवणवाली बसली होती. ही शिवणवाली धुलाईतच फाटक्या चादरी शिवायची. चर्चची नव्हती, कुणाचीच नव्हती, त्या दिवशी केवळ वचनबाईनं ओढून आणली म्हणून आलेली. जीभ म्हणजे कात्री. स्तोत्र संपल्यावर ती शेजारणीच्या कानात म्हणाली, पण ते तिच्या कुजबुजीच्या मापानं, म्हणजे सगळ्या देवळाला ऐकू गेलं, "बाई गं, पुस्तक उलटं धरलंय की यांनी."

कुणी हसलं नाही. वेल्डरनं पुस्तक मिटलं. मिटतानाही ते उलटंच होतं.

झाकली मूठ होती ती उघडली. तीस-चाळीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे बघून डोळे जळाले होते. दार, खुर्ची, माणूस, एवढं धुरकट दिसायचं. अक्षर पार गेलं होतं. घरी आल्यावर वचनबाईनं एकच विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, तीन वर्षं झाली असतील. तिनं बोटांवर मोजलं. फोनचा तो सोमवार तीन वर्षांच्या आत येत होता.

मग ते मंगळवारचं वचन कुठून वाचलंत, असं तिनं विचारलं. वेल्डर म्हणाला की सगळं पुस्तक त्याला पाठ आहे. न दिसता तो तेच म्हणत होता, जे आधी दिसताना वाचलं होतं. ते वचन आहेच. कुठल्या पानावर? आता पान कसं सांगू, आहे एवढं नक्की, मधल्या भागात कुठेतरी. त्याच्या आवाजात घाम होता. मुलगी नवरा सोडून आली असती तर मेजामागचा मान गेला असता, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. सुचलं आणि तिनं ते लगेच झटकून टाकलं, कारण ते खरं असेल तर मग तिनं दारात म्हटलं ते काय होतं?

पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, अशा अर्थाचं पुष्कळ आहे बाई, पण का विचारता? शिवणवाली म्हणाली, फोनमध्ये दोन शब्द टाक, मिनिटात सांगेल. वचनबाईनं मान हलवली. फोन म्हणजेही दुसऱ्याचंच तोंड. तीस वर्षं दुसऱ्यानं चावलेलं गिळलं, आता स्वतःच्या दातांनी चावायचं. बावन्नाव्या वर्षी ती म्हणाली, मला अक्षर शिकव.

तिच्या मनात काय होतं ते लपवायचं कारण नाही. तिला ते पान शोधायचं होतं. शोधून, त्या ओळीवर बोट ठेवून, लेकीच्या गावी जाऊन दाखवायचं होतं: हे बघ, मी नाही म्हटलं, यानं म्हटलं. तेवढ्यासाठी सगळी धडपड.

शिवणवालीनं मास्तरकी पत्करली. "मला तुझ्या देवाशी देणं-घेणं नाही, पण कानाला धरून शिकवीन," असं तिनं आधीच बजावलं. डबा खायच्या सुट्टीत, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून, साबणाच्या पोत्यावरची अक्षरं, भिंतीवरच्या सूचना, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं. पहिले तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. जोडाक्षर आलं की वचनबाई रडकुंडीला यायची. 'धोका' हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचला, बॉयलरच्या दारावरचा. त्या दिवशी दोघींनी डब्यातलं गोड वाटून खाल्लं. दहा महिन्यांनी तिनं काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र पहिल्या पानाला उघडलं.

आता खुर्चीवर ती बसायची आणि समोर वेल्डर. दिवेलागणीला एक-दोन अध्याय, पण आता बोट ओळीखालून सरकायचं आणि शब्द फोडून फोडून यायचा. ती अडखळली की वेल्डर पुढचा शब्द सांगायचा. आणि गंमत बघा, दहांतल्या नऊ वेळा तो बरोबर असायचा! खरंच पाठ होतं त्याला. त्यामुळे तिला धीर यायचा. नऊ खरी, तर दहावंही असेल.

नियमांची लांबलचक पानं आली. यज्ञ, मापं, कुणी काय खावं, कुणी काय नेसावं. वेल्डर म्हणाला, ही सोड, कंटाळवाणी आहेत, मीही सोडायचो. पण तिनं शपथ घेतली होती, एक ओळ सोडायची नाही. एका संध्याकाळी त्याच पानांत तिला हे भेटलं, की मालकापासून पळून आलेला गुलाम तुझ्याकडे आसऱ्याला आला तर त्याला परत मालकाच्या हाती देऊ नको. त्याला हवं तिथं तुझ्यातच राहू दे, आणि त्याला छळू नको. तिनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. वेल्डरला म्हणाली, हे तुम्ही कधी वाचलं नाहीत. तो म्हणाला, ते गुलामांबद्दल आहे. ती म्हणाली, हो, गुलामांबद्दलच आहे. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही आणि जेवणही झालं नाही.

तरी तिनं सोडलं नाही. अजून निम्म्याहून जास्त पुस्तक बाकी होतं, पुढे ते वचन असेल, आणि असलं तर? हीच तर तिची फजिती. आता ते सापडावं असं वाटायचं आणि सापडू नये असंही वाटायचं, आणि दोन्ही वाटण्यांची तिला लाज वाटायची. पानं उलटत गेली. वस्तीत तिचं वचन ऐकवणं बंद झालं. नळावरच्या बायका आधी खूश झाल्या, मग त्यांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकीनं मुद्दाम विचारलं, वचनबाई, आज काही नाही? ती म्हणाली, बघून सांगते.

शास्त्र वाचायला घेतल्यापासून दोन वर्षं पुरी व्हायला आठ दिवस कमी असताना शेवटचं पान संपलं. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "अहो, ते नाही यात."

वेल्डर म्हणाला, कुठेतरी दोन पानं एकदम उलटली गेली असतील. ती म्हणाली, पानांवर आकडे असतात, मी आकडेही वाचले. मग त्याच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, मला वाटलं होतं, आहे. वचनबाईला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्यावर पूर्ण जाऊन बसेना. तो संध्याकाळी खुर्चीवर बसून बोलला होता. त्या दुपारी मात्र त्यानं तोंड उघडलं नव्हतं. उंबऱ्यात तो नव्हता.

रविवार जाऊ दिला आणि मंगळवारी ती लेकीच्या गावी निघाली. मुकादमबाईकडून सुट्टी मागितली, अर्जावर सही केली. चार तासांचा रस्ता. पत्ता शिवणवालीनं कुठूनसा मिळवला होता. पाटी वाचत वाचत, गल्ल्यांचे आकडे वाचत ती बरोबर पोचली, कुणाला विचारावं लागलं नाही.

लेकीनं दार उघडलं. चार वर्षांत ती दहा वर्षांनी मोठी दिसत होती. क्षणभर बघत राहिली, मग बाजूला सरकली आणि म्हणाली, ये आत. एवढंच. एक खोली, एक खाट, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला कारखान्याचा पांढरा कोट. लेक लंगडत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. वचनबाईनं तो दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

वाटेत तिनं पुष्कळ जुळवलं होतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. ती म्हणाली, "मी वाचायला शिकले. सगळं शास्त्र वाचलं, पहिल्या पानापासून. ते वचन त्यात नाहीये."

लेक खाटेवर बसली होती. आई बोलून संपली की नाही याची खात्री करून घेतल्यासारखी थांबली.

मग तिनं विचारलं, "आणि असतं, तर?"

वचनबाईनं तोंड उघडलं. बाबांना दिसत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं, मला फसवलं गेलं, हे सगळं जिभेच्या टोकावर होतं, आणि सगळं खरंही होतं. पण विचारलं होतं ते हे नव्हतं.

"असतं तर तू आज ते पान घेऊन आली असतीस," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, कारखान्यात गोळ्या मोजतात तसा एकेक शब्द ठेवला. "आणि मला दाखवलं असतंस."

खोटं बोलणं किती सोपं होतं! नाही गं बाळा, असं म्हटलं असतं तर कदाचित लेकीनं मान खाली घातली असती, कदाचित दोघी रडल्या असत्या आणि रडून मोकळ्या झाल्या असत्या. वचनबाईनं पेला मांडीवर टेकवला.

"हो," ती म्हणाली. "त्यासाठीच शिकले होते."

लेकीनं मान हलवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग लेक उठली, आईच्या हातातला पेला काढून घेतला आणि खाली ठेवला. परतीची बस किती वाजता आहे, असं तिनं विचारलं. वचनबाई म्हणाली, चार वीसची. घड्याळात पावणेतीन झाले होते. लेक पुन्हा खाटेवर जाऊन बसली, दुखरा पाय लांब करून. तिनं आईला थांब म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही. वचनबाई खुर्चीवर बसून राहिली. तिला शेकड्यांनी वचनं येत होती. त्यातलं एकही तिनं म्हटलं नाही.